सव्वा लाखाचा क्लास, की सव्वा लाखाची राखीव गंगाजळी?

पत्राचा सारांश : ३४ वर्षांच्या या वाचक भगिनी नागपुरात एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात आहेत. पती-पत्नीची मिळून १४ लाखांची बचत आहे. 'जुनं घर घ्या, नवं करा, विका' या विषयावरचं मोफत सत्र त्यांनी दिरांसोबत ऐकलं. तिथे फळ्यावर एक उदाहरण मांडलं होतं : जुना टूबीएचके ३८ लाखांना घ्यायचा, साडेचार लाख दुरुस्तीवर घालायचे, ५० लाखांना विकायचा, साडेसात लाख नफा. शेवटी दोन दिवसांची कार्यशाळा आणि वर्षभराचं मार्गदर्शन मिळून १ लाख २५ हजारांचं पॅकेज 'फक्त आजच्यासाठी' सांगितलं गेलं. जागा धरून ठेवायला त्यांनी ५ हजार भरलेत, बाकी रक्कम आठवड्याभरात द्यायची आहे. दीर म्हणतात, पहिल्याच सौद्यात फी निघेल. सासरे म्हणतात, एक पैसाही देऊ नका. "मला यातलं काहीच येत नाही, मग शिकल्याशिवाय उतरायचं कसं?" असं त्या विचारतात.

उत्तर :

ताई, शिकल्याशिवाय उतरू नये हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण घरात सगळी चर्चा फीवर चाललीय, सौद्यावर कोणी बोलत नाही. आधी फळ्यावरचा तोच सौदा नागपुरातल्या खर्चांसकट मांडून बघू. तुम्ही लेखा विभागात आहात, हे काम तुमच्या रोजच्या सवयीचं आहे.

घर ३८ लाखांचं. नागपूर शहरात मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार मिळून सात टक्क्यांच्या घरात जातात, म्हणजे २ लाख ६६ हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. वकिलाचा सर्च (मालकीच्या जुन्या कागदांची तपासणी), बँकेची प्रोसेसिंग आणि तारण नोंदवण्याचा खर्च मिळून ४० हजार धरा. दलाली एक टक्का, ३८ हजार. दुरुस्ती साडेचार लाख. २८ लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी घेतलं तर निव्वळ व्याज महिन्याला २१ हजार. खरेदी, दुरुस्ती, गिऱ्हाईक शोधणं, त्या गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर होणं आणि रजिस्ट्री, एवढ्याला दहा महिने सहज जातात. म्हणजे व्याज २ लाख १० हजार, त्यावर मेंटेनन्स आणि वीजबिलाचे २५ हजार. विकताना पुन्हा एक टक्का दलाली, ५० हजार. बेरीज होते ४९ लाख ९ हजार. घर अगदी ५० लाखांना गेलं तरी उरतात ९१ हजार.

यातून कर अजून जायचाय. दोन वर्षांच्या आत विकलेल्या घरावरचा नफा अल्पमुदतीचा धरला जातो आणि तुमच्या पगारात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो. खरेदीचा खर्च, दलाली आणि टिकाऊ दुरुस्ती वजा होते. गृहकर्जाचं व्याज, बँकेचे खर्च आणि मेंटेनन्स वजा होईल असं गृहीत धरू नका, आधी सीएला विचारा. ते वजा झालं नाही तर कर ९१ हजारांवर नाही, साडेतीन लाखांहून जास्त रकमेवर बसतो. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट तो ७५ हजारांच्या आसपास जातो. दहा महिन्यांच्या धावपळीतून हातात पंधरा-सोळा हजार. यात तुमची फी धरलेलीच नाही, आणि १ लाख २५ हजारांवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागत असेल तर तीच १ लाख ४७ हजार ५०० होते. पावती देताना कर आत आहे की बाहेर, हे विचारलंय का?

दुसरा हिशेब रोख पैशांचा. ३८ लाखांच्या घरावर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज मिळू शकतं, मुद्रांक शुल्क त्यात धरलं जात नाही, आणि जुन्या इमारतीत बँकेचा मूल्यांकनकर्ता बरेचदा किंमतच कमी लावतो. २८ लाख कर्ज धरलं तर स्वतःचे १० लाख, शुल्क, दलाली आणि दुरुस्ती मिळून १८ लाखांच्या वर रोख लागते. वीस वर्षांच्या मुदतीचा हप्ता महिन्याला पंचवीस हजारांवर, तो वेगळाच. तुमच्याकडे १४ लाख आहेत. म्हणजे फळ्यावरचा सौदा तुम्हाला आज करताच येणार नाही, मग क्लास कितीही चांगला असो. सत्रात या तुटीवर वैयक्तिक कर्जाचा किंवा क्रेडिट कार्डाचा उपाय सुचवला असेल, तर तिथेच थांबा. त्या व्याजदरावर हा धंदा बसत नाही.

मोफत सत्र, मग मध्यम फीचा वर्ग, मग मोठं पॅकेज, ही पायऱ्यांची रचना अमेरिकेत फार पूर्वीपासून चालत आलीय. २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने झुरिक्स नावाच्या कंपनीवर खटला भरला. मोफत कार्यक्रमातून सुमारे दोन हजार डॉलरच्या तीन दिवसांच्या वर्गात आणि तिथून ४१ हजार डॉलरपर्यंतच्या पुढच्या वर्गांत लोकांना नेलं जातं, आणि क्रेडिट कार्डाच्या मर्यादा वाढवून घ्यायला सांगितलं जातं, असे आरोप त्यात होते. तुमच्या आयोजकांवर मी काही आरोप करत नाही, त्यांना मी ओळखत नाही. पण 'फक्त आजच्यासाठी' हे शब्द कुठल्याही विषयाच्या सत्रात ऐकू आले तर त्या दिवशी पैसे भरायचेच नाहीत, एवढा नियम घरात करून टाका.

आता मूळ प्रश्न : यात शिकायचं काय असतं? अमेरिकेतल्या अशा वर्गांतून एक सूत्र हमखास शिकवलं जातं. विक्रीच्या अपेक्षित किमतीचे ७० टक्के काढा, त्यातून दुरुस्ती वजा करा, त्याहून महाग घर घेऊ नका. ५० लाखांचे ७० टक्के ३५ लाख, वजा साडेचार, म्हणजे साडेतीस लाख. त्यांच्याच सूत्राने ३८ लाखांची खरेदी नापास होते! सूत्रात चूक नाही. अडचण ही की चालू बाजारात ३८ लाखांचं घर साडेतीस लाखांना देणारा विकणारा फार क्वचित भेटतो. भेटला तर त्याच्या घाईमागे बहुधा कारण असतं : वारसांचा वाद, थकलेलं कर्ज, कागदातली खोट. म्हणून नागपुरात या धंद्याचं खरं शिक्षण टाइल्स-पेंटचं नाही, कागद वाचण्याचं आहे.

ते कागद इथले आहेत आणि बाहेरगावचा प्रशिक्षक त्यावर क्वचितच बोलतो. आखिव पत्रिकेवर (शहरातल्या जमिनीचा मालकी उतारा) मालक म्हणून कोणाचं नाव आहे आणि जमिनीचा प्रकार काय, हे सगळ्यात आधी. भूखंड नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवरचा असेल तर लीजची मुदत, हस्तांतरणाची परवानगी आणि त्याचं शुल्क बघावं लागतं. नझूल, म्हणजे शहरातली सरकारी जमीन, असेल तर लीजचं नूतनीकरण झालंय का, हा प्रश्न. शहराच्या कडेच्या भागांत १९०० आणि ५७२ या मूळच्या अनधिकृत ले-आउटचा इतिहास तुम्हाला माहीत असेलच. तिथे गुंठेवारीतल्या भूखंडाचं 'आरएल' (भूखंड नियमित केल्याचं पत्र) झालंय का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते नसलं तर तुमचं अडतंच, आणि पुढे तुमच्या गिऱ्हाइकाच्या बँकेतही फाइल अडते. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅट स्कीम सोसायटीऐवजी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथे डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत त्या कायद्याखाली आणणारा नोंदणीकृत दस्त) आणि तुमच्या फ्लॅटला जोडलेला जमिनीतला अविभक्त हिस्सा वाचायचा. मंजूर नकाशात असलेली बाल्कनी खोलीत घेतलेली असली, तर विकणारा ती खोली म्हणून दाखवेल, मूल्यांकनकर्ता मात्र बाल्कनीच धरेल.

हे सगळं वकील बघतो, मग मला कशाला, असं वाटेल. वकील शेवटी बघतो. तोवर तुम्ही तीन आठवडे आणि कदाचित इसाराची रक्कमही घालवलेली असते. दहा घरांतली सात पहिल्या दिवशीच बाजूला काढता येणं, हे या धंद्यातलं अर्धं कौशल्य.

उरलेलं अर्धं म्हणजे खरा भाव कळणं. ऑनलाइन जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव. रजिस्ट्रीत नोंदलेला भाव नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक २ मध्ये मिळतो : मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ, तारीख. मोफत सेवेतही बरंच काही सापडतं. ज्या तीन स्कीममध्ये तुम्हाला रस आहे त्यांतले गेल्या दोन वर्षांतले दस्त काढा आणि क्षेत्रफळ कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्टअप (भिंतींसकट), हे बघून चौरस फुटाचा भाव मांडा. त्याच रस्त्यावरचा सजवलेला फ्लॅट आणि जुनाच ठेवलेला फ्लॅट यांच्या भावात किती फरक पडतो, ते यातून दिसेल. तो फरक दुरुस्तीच्या खर्चापेक्षा कमी असेल तर त्या स्कीममध्ये हा धंदा नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक स्वयंपाकघर आणि देवघर स्वतःच्या पसंतीने, वास्तू बघून करतं. तुम्ही घातलेल्या महागड्या मॉड्युलर किचनचे पैसे ते देईलच असं नाही. कोरड्या भिंती, नवी पाइपलाइन आणि स्वच्छ बाथरूम यांचे मात्र देतं.

दुरुस्तीतही फसगत होते ती न दिसणाऱ्या जागी. जुन्या फ्लॅटमध्ये भिंतीतल्या जीआय पाइपना आतून गंज चढलेला असतो, नळाची धार बारीक होते आणि विकणारा टाकीवर ढकलतो. घर बघायला जाल तेव्हा दोन्ही बाथरूममध्ये चार-पाच बादल्या पाणी ओता, मग खालच्या मजल्यावरच्या लोकांना विनंती करून त्यांचं छत बघा. ओलीचा पिवळा डाग, फुगलेलं प्लास्टर किंवा उघडी पडलेली सळई दिसली तर तुमचं बजेट साडेचार लाखांत राहणार नाही. फरशीवर नाण्याने ठोका, पोकळ आवाज आला तर टाइल सुटलेली आहे. चौकटी तळाशी टोचून बघा, वाळवी तिथून वर चढते. मीटरजवळची वायर आणि मंजूर भार बघा. दीड टनी एसीला स्वतंत्र लाइन आणि साधारण ४ चौरस मिलिमीटरची वायर लागते, आणि पंख्या-ट्यूबलाइटच्या काळातल्या वायरिंगवर दोन एसी चालत नाहीत.

कामाचा क्रमही सांगतो, कारण इथे घाई केली की पैसे दुप्पट जातात. तोडफोड, मग प्लंबिंग, मग बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. ते झाल्यावर निचरा बंद करून किमान २४ तास, जमल्यास ४८ तास पाणी साठवून ठेवायचं आणि खाली बघायचं. ही चाचणी झाल्याशिवाय टाइल लावू देऊ नका. नंतर वायरिंगच्या झिऱ्या, फरशी, सुतारकाम, पुट्टी आणि सगळ्यात शेवटी रंग. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की दोन महिन्यांत पापुद्रे सुटतात आणि नेमकं गिऱ्हाईक आलेलं असताना दिसतात. गच्चीचं आणि बाहेरच्या भिंतींचं काम मृगाच्या आत संपायला हवं. शिवाय गच्ची सगळ्यांची असते, इतर मालकांच्या संमतीशिवाय तिथे हात लावता येत नाही. वरच्या मजल्याचा फ्लॅट स्वस्त मिळाला तर का स्वस्त, हे मे महिन्यात दुपारी तीनला जाऊन उभं राहिलं की कळतं. वेळापत्रक करताना पितृपक्ष मोजा. त्या पंधरवड्यात इसार कोणी सहसा देत नाही, पाडवा-अक्षय्य तृतीया-दसऱ्याला हालचाल वाढते.

सत्रात दोन 'शॉर्टकट' सांगितले गेले असण्याची शक्यता आहे, म्हणून लिहितो. पहिला : रजिस्ट्री न करता इसारपत्र आणि मुखत्यारपत्रावर घर ताब्यात घ्या आणि परस्पर पुढे विका, मुद्रांक शुल्क वाचेल. महाराष्ट्रात ताबा देणाऱ्या करारावर विक्रीपत्राइतकंच मुद्रांक शुल्क लागतं, आणि नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय. दुसरा : काही रक्कम रोखीत द्या. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय रोखीत दिलेले पैसे तुमच्या खरेदी किमतीत धरले जात नाहीत, म्हणून विकताना तुमचाच कर वाढतो.

बँकेच्या लिलावातली घरं स्वस्त मिळतात हे खरं. पण तिथे बोली लागली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी २५ टक्के आणि उरलेले साधारण १५ दिवसांत भरावे लागतात. ताबा प्रत्यक्ष आहे की फक्त कागदोपत्री, हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. कागदोपत्री असेल तर आत राहणाऱ्याला बाहेर काढण्याचा काळ तुमच्या व्याजावर चढतो. पहिल्या सौद्यासाठी हा रस्ता नको.

मग क्लास अजिबात नकोच का? तसंही नाही. स्थानिक वकील, सीए किंवा सिव्हिल इंजिनिअर एक दिवस बसून इथले दस्त, कर आणि दुरुस्तीचे दर समजावत असेल आणि फी दोन-पाच हजार असेल, तर जरूर जा. विषयाची भाषा कळते, चार माणसं ओळखीची होतात. सव्वा लाख मागणाऱ्याला मात्र चार प्रश्न लेखी विचारा. तुम्ही स्वतः नागपुरात घेतलेल्या आणि विकलेल्या तीन घरांच्या, खरेदी आणि विक्री अशा दोन्ही वेळच्या सूची २ दाखवाल का? वर्षभराच्या मार्गदर्शनात माझ्या किती सौद्यांचे कागद कोण तपासणार, आणि तो वकील आहे का? तुम्ही सुचवलेल्या घरांवर किंवा प्लॉटवर तुम्हाला कमिशन मिळतं का? पैसे परत मिळण्याची अट कागदावर कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर तुम्ही फी भरून त्यांचं गिऱ्हाईक होताय.

तुमच्यासाठी मला सुचतो तो रस्ता असा. पुढचे सहा महिने एकही घर घ्यायचं नाही, पण दहा घरं कागदावर घ्यायची. तुमच्या येण्या-जाण्याच्या पट्ट्यातले दोनच भाग निवडा, समजा मनीषनगर आणि त्रिमूर्तीनगर. प्रत्येक घरासाठी वरच्यासारखा तक्ता भरा आणि कमाल खरेदी किंमत उलटीकडून काढा : सूची २ मधला विक्रीचा भाव, वजा दोन्हीकडची दलाली, शुल्क, दुरुस्ती आणि तिच्यावर १५ टक्के जादा, दहा महिन्यांचं व्याज, कर आणि तुम्हाला हवा असलेला नफा. सहा महिन्यांनी ती घरं कितीला गेली ते बघा. त्यांतलं एखादं फारच जवळचं वाटलं तर वकिलाला फी देऊन त्याचे तीस वर्षांचे कागद सर्च करून घ्या आणि एका सिव्हिल इंजिनिअरला घेऊन घर दाखवा. सव्वा लाखातला थोडाच भाग यात जाईल, आणि शिक्षण तुमच्या गल्लीतलं, तुमच्या पैशांच्या मापाचं होईल. बाकीचे पैसे दुरुस्तीच्या वेळी भिंतीतून निघणाऱ्या अनपेक्षित खर्चासाठी लागणारच आहेत.

पुढे कधी खरं घर घ्याल, तेव्हा ते १४ लाखांत बसणारं, लहान आणि 'विकलं गेलं नाही तर भाड्याने देता येईल' असं घ्या. रजिस्ट्री फक्त तुमच्या नावावर केलीत तर महिलांसाठीची मुद्रांक शुल्कातली एक टक्का सवलत मिळू शकते, ३८ लाखांवर ती ३८ हजार होते. ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकू नये, ही पूर्वीची अट २०२३ मध्ये काढली गेलीय, तरी नोंदणीच्या दिवशीचा नियम दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. गृहकर्ज फेडल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचं बंधन बँकेवर आहे, तेवढे दिवस गिऱ्हाइकाच्या तारखेत धरा.

राहिले ५ हजार. आठवडा संपायच्या आत आयोजकांना ईमेल करा, फोनवर भागवू नका. पैसे भरल्याची तारीख, पावती क्रमांक, 'मी पॅकेज घेत नाही, भरलेली रक्कम परत करावी' एवढंच लिहा आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. नोंदणी अर्जावर 'रक्कम परत मिळणार नाही' असं छापलं असेल तरी मागा. सत्रात नफ्याची हमी दिली असेल, तर ती कोणत्या शब्दांत दिली हे आठवतंय तोवर लिहून ठेवा, दिरांनाही लिहायला सांगा, आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. दाद मिळाली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.